मागची दोन चाकं

सकाळी सकाळी माझी सून शेडमध्ये हातोडी चालवायला लागली की मी खिडकी धाडकन उघडायचे. आवाज यावा म्हणून नव्हे, आवाज बंद खिडकीतूनही येतोच. मी जागी आहे आणि ऐकते आहे हे तिला कळावं म्हणून. ती वर बघायची नाही. गाडीचं मागचं चाक काढून ठेवलेलं, त्या जागी उघडा पडलेला लोखंडी ड्रम, आणि त्यावर ठाण ठाण ठाण. दोन्ही बाजूंचे ड्रम निघाले, आतले ब्रेक बदलले, की गाडी रस्त्यावर येणार होती आणि माझी या घरातून रवानगी होणार होती. मग तो आवाज मला कसा लागत असेल ते तुम्हीच बघा.

सून दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बोलते. समोरच्याला उलट उत्तर देता येत नाही, आणि तीच सवय तिनं घरी आणली. मी गाडी शिकवायचे, फक्त बायकांना. माझ्या बाजूला एक जादा ब्रेक बसवून घेतला होता, म्हणून सगळ्या भागात मला ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण मला कळायचं. म्हणजे दुसऱ्याला गप्प करणं हाच आम्हा दोघींचा धंदा. अशा दोघी एका घरात आल्यावर काय होणार? आणि मध्ये आमचे चिरंजीव. आमच्यात वाजलं की तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो आणि पाणी संपेपर्यंत बाहेर येत नाही.

भांडण खोलीवरून झालं. घरात मागची खोली माझी. तळमजल्यावर, बाथरूम लागून, खिडकी अंगणात उघडणारी. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. तिथे लिफ्ट नाही. त्या पडल्या, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की जिने आता विसरा. तेव्हापासून त्या एका शुश्रूषा केंद्रात पडून होत्या, खोलीत ओळीनं खाटा, एकीचा खोकला दुसरीच्या कानात. यात काही खोटं नाही. हाड खरंच मोडलं होतं, आणि खोलीही खरंच एकच होती.

चिरंजीव म्हणाले, "आई, दोन कॉट बसतील तुझ्या खोलीत."

कॉट बसतील हो, मी कुठे बसू? विहीणबाई गोड बोलतात. सकाळी डोळे उघडल्यापासून गोड. "या वयातसुद्धा किती करता हो तुम्ही" असं म्हणतात आणि उगाच माझं वय काढतात. मी साफ सांगितलं की त्या बाईबरोबर मी एका खोलीत राहणार नाही.

सून म्हणाली, "मग तुम्हीच सांगा आई, मी माझ्या आईला कुठे ठेवू? दवाखान्यातल्या खुर्चीत?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ठेव की माझ्या खोलीत. मी जाते लेकीकडे. पण टॅक्सीत गाठोडं कोंबल्यासारखी जाणार नाही. माझी गाडी चालू करून दे, मी माझ्या गाडीतून जाईन. आणि मग घे ती खोली आणि बस घेऊन उरावर."

हे मी बोलले ते एवढ्यासाठी की गाडी चालू होणारच नव्हती. मी शिकवणं सोडलं तेव्हापासून ती शेडमध्ये उभी. तिच्या वेळच्या गाड्या आता फक्त फोटोत दिसतात. हँडब्रेक ओढून ठेवलेला, आणि मागची दोन चाकं जमिनीतून उगवल्यासारखी घट्ट. मला वाटलं, सून दोन दिवस तोंड पाडून बसेल आणि मग निमूट आईची दुसरी सोय बघेल. ती जराही चिडली नाही. म्हणाली, "चालेल."

लेकीकडे काय आहे तेही सांगते, म्हणजे मी उगाच हटून बसले असं तुम्हाला वाटायला नको. लेकीकडे हॉल आहे. हॉलमध्ये घडीचा पलंग, आणि जावयांचा टीव्ही संपेपर्यंत तो उघडायचा नाही. कपाटात एक कप्पा देईन म्हणाली. फोनवर "ये की गं, तुझंच घर आहे" म्हणाली आणि मग इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कट झाला.

सुनेनं मेकॅनिक आणला. इंजिनानं मला दगा दिला. नवी बॅटरी, थोडी साफसफाई, आणि लागलं की खोकायला, मग चक्क चालायला. पुढची चाकं त्यानं मोकळी केली. मागच्या चाकांकडे वळला तेव्हा मात्र मी खुर्ची घेऊन त्याच्या डोक्याशी जाऊन बसले. पाना कसा धरायचा ते त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं. पुन्हा सांगितलं. त्याच्या उस्तादाला मी ओळखत होते, उस्तादाला काय काय येत नव्हतं तेही सांगितलं. त्यानं हत्यारं गोळा केली आणि सुनेला म्हणाला, "मॅडम, गाडीचं मी बघतो, पण आधी आजींचं तुम्ही बघा." तो परत आला नाही. दुसरा कोणी घरी यायला तयार होईना, आणि आमच्या गल्लीत ओढून नेणारा ट्रक शिरत नाही. मी खूष. दोन घास जास्त जेवले.

रविवारी बघते तर सून नवऱ्याची जुनी पँट घालून, डोक्याला रुमाल बांधून शेडमध्ये. मागची बाजू जॅकवर चढवली, खाली आधाराला लोखंडी घोडे लावले, दोन्ही चाकं काढली आणि फोन एका खोक्याला टेकवून त्यात बघत बघत कामाला लागली.

आता हा ड्रम म्हणजे काय ते सांगते. लोखंडाचं जाड पातेलं समजा, आडवं बसवलेलं. त्याच्या पोटात दोन ब्रेक असतात, अर्ध्या बांगडीसारखे. ते आतून बाहेर पसरले की ड्रमला धरतात आणि चाक थांबतं. किती पसरायचं हे ठरवते आतली एक छोटी दातेरी चकती. मागच्या पत्र्याला एक चीर असते, तिच्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून चकती एकेक दात फिरवायची. एका दिशेनं फिरवली की ब्रेक सैल पडतात आणि ड्रम हातात येतो. दुसऱ्या दिशेनं फिरवली की ब्रेक ड्रमला असे चिकटतात की हातोडीनं घर पडेल पण ड्रम हलणार नाही. गॅरेजवाल्यांनी एकदा माझे ब्रेक अर्धवट करून दिले होते, त्यानंतर हे काम मी कोणाच्या हाती दिलं नाही. मला झोपेतसुद्धा येतं. सुनेला माहीत नव्हतं. मी कशाला सांगू?

ती आपली गंज सोडवायचं तेल मारायची, ठोकायची, थांबायची, पुन्हा तेल मारायची. हलवून हलवून काढायचं हे तिच्या हाडातच मुरलेलं. क्लिनिकला जायच्या आधी रोज सकाळी हा कार्यक्रम. मी खिडकीतून विचारायचे, "काय गं, भूल दिलीस का त्याला?" ती दात ओठ खाऊन ठोकायची.

मग कुठल्याशा व्हिडिओत तिला ती चीर सापडली. त्या सकाळी ती बराच वेळ गाडीच्या मागे गुडघ्यावर बसून होती, आणि एकदम ठोकण्याचा आवाज बदलला. भरीव आवाज येत होता तो पोकळ यायला लागला. मला तेवढ्यावरून कळलं. केसभर का होईना, ड्रम सरकला होता. उजव्या बाजूचाही तसाच. तिला क्लिनिकला उशीर झाला होता. हात धुता धुता ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या दोन्ही निघतात बघ." आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतर इतकी मनापासून ती मला बघून पहिल्यांदाच हसली असेल.

दुपारी घरात कोणी नसतं. मी शेडमध्ये गेले.

शेडला तोच जुना वास, रबर आणि पेट्रोलचा. गाडीच्या अंगाला हात लावायचा नाही असं ठरवून गेले होते, पण लावला. मग जुनी गादी खाली टाकली, त्यावर बसले. गुडघ्यांनी बोंब मारली. चाक नसल्यामुळे हात सरळ मागे पोचतो. चीर बोटांनी चाचपली, स्क्रू ड्रायव्हर घातला, आणि चकतीचा पहिला दात लागला तेव्हा मला माझेच हात परत मिळाल्यासारखं वाटलं. टक, टक, टक. घट्ट होईपर्यंत. मग दुसरी बाजू. मजा आली, खोटं कशाला बोलू. खोलीत जाऊन पडले आणि इतकी गाढ झोपले की संध्याकाळी चिरंजिवांनी हलवून उठवलं.

दुसऱ्या सकाळी ठाण ठाण, पुन्हा भरीव आवाज. सून चक्रावली. हातोडी खाली ठेवून ती ड्रमकडे नुसती बघत बसली. चूक आपली असेल असंच तिला वाटलं, शिकलेल्या माणसांचं तसंच असतं.

"आई," ती खिडकीखाली येऊन म्हणाली, आणि हे विचारताना तिच्या किती जिवावर आलं असेल, "ही आतली चकती सैल करायला कुठल्या बाजूला फिरवायची?"

"डावीकडची आणि उजवीकडची उलट असते," मी म्हणाले.

"म्हणजे डावीकडची कशी?"

"उजवीकडच्याच्या उलट," म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून आमचं असं सुरू झालं. सकाळी ती सैल करायची, तोवर क्लिनिकची वेळ व्हायची, आणि दुपारी मी आवळायचे. ती कागदावर बाण काढून गाडीला चिकटवायची, डावीकडे असा, उजवीकडे असा. बाण बरोबर असायचे, तरी दुसऱ्या दिवशी ड्रम घट्टच. तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. पेशंटच्या तोंडात बोट घालताना दुखतं असं ती नवऱ्याला सांगत होती. चिरंजीव माझ्या खोलीत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "आई, तू जरा तिला दाखव ना. तुला येतं की."

"मला सगळं येतं," मी म्हणाले. "तुला काय येतं ते सांग."

तो गेला. नळाचा आवाज आला.

मग एका संध्याकाळी केंद्रातून फोन आला. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू आलं. विहीणबाईंच्या पाठीला जखम झाली होती. पडून पडून होते तशी. कुशीवर वळवायला तिथे वेळेवर कोणी येत नाही. सून फोनवर आधी भांडली, मग विनवण्या केल्या, मग फोन ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली. रडण्याचा आवाज आला नाही, नुसता भांडी एकावर एक ठेवल्याचा आला. त्या बाईनं माझं कधी वाकडं केलेलं नाही. गोड बोलणं हा काही गुन्हा नाही. मला सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चकतीला हात लावला नसेल असं तुम्हाला वाटेल. लावला. रोजच्यापेक्षा दोन दात जास्त आवळली. कारण आता ती घाई करणार, आणि घाईत माणूस नेटानं ठोकतो. मी गेले तर त्या खोलीत पुन्हा माझं काही नाही. विहीणबाईंची जखम भरेल, त्या काठी घेऊन अंगणात फिरतील, माझ्या खिडकीतून बघतील, आणि मी लेकीच्या हॉलमध्ये टीव्ही संपायची वाट बघत असेन. त्या बाईची दया आली, आणि दया आली म्हणून तिचा आणखी राग आला.

चूक माझ्याच हातून झाली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून झालीही नसती. त्या पत्र्याच्या चिरेला एक रबरी बूच असतं, आत धूळ जाऊ नये म्हणून. आमच्या गाडीची दोन्ही बुचं कधीच कुजून गेली होती. चीर उघडी. आता मी ड्रम निघू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते, हे खरं. पण म्हणून ब्रेकमध्ये कचरा जाऊ द्यायचा? उघडी चीर बघितली की माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. सुनेला काय, ती काम झालं की तशीच टाकून जायची. माझ्याकडे जुन्या डब्यात नवीकोरी बुचं पडून होती. त्या दुपारी चकती आवळली आणि बुचं नीट दाबून बसवली. आजूबाजूचा पत्रा फडक्यानं पुसला. समाधान वाटलं.

दुसऱ्या सकाळी हातोडीचा आवाज आलाच नाही.

बराच वेळ झाला तरी नाही. मी खिडकीतून बघितलं. सून गाडीच्या मागे खाली बसलेली. तिच्या हातात एक रबरी बूच होतं आणि ती ते उलटसुलट करून बघत होती. मग ती उठली, घरात गेली, आणि क्लिनिकची बॅग घेऊन आली. त्यातून तिनं तो दांडीचा छोटा आरसा काढला, दात तपासायचा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात आरसा, आणि आरसा तिनं चिरेतून आत घातला. मी खिडकीपासून बाजूला झाले. पण जाणार कुठे? खोली तेवढीच.

"आई, बाहेर या जरा."

गेले. चपला घालून, केस नीट करून गेले. सापडलोच आहोत तर नीटनेटकं सापडावं.

तिनं मला आरसा दाखवला. आत सगळं तांबूस, गंजलेलं, आणि त्यात चकतीचे दात तेवढे लखलखीत. रोज दोन वेळा स्क्रू ड्रायव्हर फिरल्यावर दुसरं काय होणार.

"इतके मी नाही घासले," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "आणि ही बुचं मी आणलेली नाहीत."

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"परवा केंद्रातून फोन आला, त्याच्यानंतरसुद्धा?"

"हो."

तिचा हात वर आला. मारते की काय असं वाटलं मला. पण तिनं नुसता आरसा बॉनेटवर ठेवला.

"माझ्या आईची पाठ सडतेय तिथे," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं होतं. मला माहीत आहे तुम्हाला ऐकू येतं. आणि तुम्ही इथे येऊन हे करत बसलात. तुम्ही माणूस आहात का कोण आहात?"

"मला जायचं नाही," मी म्हणाले. इतके दिवस हे शब्द दातांआड धरले होते, ते असे साधेच बाहेर आले. "मला या खोलीतून जायचं नाही. लेकीला मी नको आहे. इथेही नको आहे, पण इथे निदान दार लावता येतं."

"मग तसं सांगायचं ना. पैजा कशाला लावायच्या? गाडी चालू करून दे, नि टॅक्सीत जाणार नाही, नि काय काय."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंस?"

खोटं बोलायला तिला एवढी चांगली संधी होती. बाकी कोणीही म्हणालं असतं, अहो असं काय म्हणता आई, काहीतरी मार्ग काढला असता. माझा मुलगा तर नक्कीच तसं म्हणाला असता.

"नाही," ती म्हणाली.

अंगणात पलीकडच्या घरातलं पाणी वाजत होतं. मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या खाली काहीतरी निवलं. इतक्या वर्षांत या बाईनं मला एक शब्द सरळ सांगितला, आणि तो असा.

"सरक," मी म्हणाले.

मी गादीवर बसले. तिनं बॅटरी धरली, मी सांगितलं नव्हतं तरी. बूच काढलं, स्क्रू ड्रायव्हर घातला, आणि चकती सोडत गेले, पार शेवटपर्यंत. मग हँडब्रेकची तार मागून सैल केली, हे व्हिडिओत कोणी सांगत नसावं. तिच्या हातातून हातोडी घेतली आणि ड्रमच्या कडेवर न मारता मध्यावर, बोल्टांच्या मधोमध, दोन दणके घातले. ड्रम गंजाची पूड सांडत सुटला आणि माझ्या मांडीवर आला. तो काही मारे जड नव्हता.

"कडेवर मारून मारून तू तो फोडला असतास," मी म्हणाले. "दुसरीकडचा तू काढ. बघितलंस ना?"

तिनं काढला. चुकली नाही. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही तिला चांगलं म्हटलं नाही.

नवे ब्रेक यायला थोडे दिवस गेले. त्या दिवसांत घरात आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. चिरंजिवांना काय झालं ते कळलं असावं, कारण तो माझ्यासमोर ताट ठेवताना नजर चुकवायचा. मी त्याला काही विचारलं नाही. तोही "आई, राहा" म्हणाला नाही. सून गुन्हेगाराला बघावं तसं मला बघायची, पण काम करताना शेडचं दार उघडं ठेवायची. मी दारात उभी राहून सांगायचे, ही स्प्रिंग आधी, ती नंतर. ती ऐकायची, आणि ऐकते आहे असं दाखवायची नाही.

शेवटचं काम राहिलं, ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकामागचा छोटा नट सोडायचा, तेलाबरोबर हवा फसफसत बाहेर येते, मग नट आवळायचा, आणि तो आवळेपर्यंत पहिल्यानं पाय उचलायचा नाही. आधी उचलला तर सगळी हवा परत आत. सून नवऱ्याला हाक मारायला निघाली.

"त्याला नको," मी म्हणाले. "तो घाबरून पाय उचलेल." आणि जाऊन माझ्या सीटवर बसले. किती वर्षांनी बसले होते कोण जाणे. कुशनमध्ये अजून माझा खड्डा होता.

"दाबा," चाकामागून आवाज आला.

"दाबलं."

पायाखालचं पेडल लोण्यासारखं खाली गेलं. धरून ठेवलं.

"सोडा."

सोडलं. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. मला समोरच्या काचेतून माझी खिडकी दिसत होती. आत कॉट, कपाट, उशाशी पाण्याचा तांब्या. सून मागे जमिनीवर, तिला माझा पाय दिसत नव्हता. मी थोडा लवकर उचलला असता तर तिला काही कळलं नसतं. हवा आत जात राहिली असती, पेडल मऊच राहिलं असतं, ती दिवसभर डोकं आपटत बसली असती, आणि आणखी एक आठवडा माझ्या पदरात पडला असता. हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. प्रत्येक "दाबा"ला आलं. पण ब्रेक आहेत ते. शेकडो बायकांना मी ओरडून ओरडून सांगितलं की बाकी कशाशीही खेळा, ब्रेकशी खेळू नका. पाय उचलवेना.

हळूहळू पेडल वर यायला लागलं. मग अर्ध्यावर थांबायला लागलं. मग एकदा दाबलं आणि ते पायाला भिडलं, दगडासारखं.

"कसं लागतंय?" तिनं विचारलं. "अजून मऊ आहे का?"

मी पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मागे ती पाना धरून थांबली होती, आणि मी काय म्हणते यावरच सगळं होतं. तिच्याकडे ते पडताळायचा दुसरा काही मार्ग नव्हता.

"कडक झालं," मी म्हणाले. "आण तुझ्या आईला."

नट आवळल्याचा आवाज आला. ती गाडीखालून निघाली आणि माझ्या दाराशी येऊन उभी राहिली, हात तेलानं माखलेले, डोळे भरलेले. ते पाणी माझ्यासाठी नव्हतं, हे मला चांगलं कळत होतं, आणि तिनंही तसं भासवलं नाही.

"कपाट कधी रिकामं करताय?" तिनं विचारलं.

"आजच करते," मी म्हणाले. ती आत फोन करायला गेली. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, ब्रेकवर पाय ठेवून.